घाबरलेलं लेकरू वर्गात आलं तर: सोलापुरातल्या नव्या अंगणवाडी सेविका आणि बालवाडीच्या बाईंसाठी

अंगणवाडीत रुजू झाले तेव्हा मला वजन घ्यायला शिकवलं, रजिस्टर भरायला शिकवलं, बडबडगीतं घ्यायला शिकवलं. घाबरलेल्या लेकराचं काय करायचं, हे कुणी शिकवलं नाही.

दुसऱ्याच वर्षी चार वर्षांचा एक मुलगा आला. सगळी मुलं दारात चपला काढायची, हा काढायचा नाही. फारच आग्रह केला तर काढून छातीशी धरून बसायचा. मी त्याला शिस्त लावायला निघाले. तिसऱ्या दिवशी त्याच्या हातातून चपला ओढून घेतल्या आणि बाहेर नेऊन ठेवल्या. तो ओरडला नाही, रडला नाही. उभ्या उभ्या त्याची चड्डी ओली झाली आणि तो भिंतीकडे बघत राहिला.

नंतर कळलं. एका रात्री बापाने पिऊन येऊन घरातलं सामान पेटवलं होतं आणि आई त्याला हाताला धरून अनवाणी पळाली होती, अंधारात, काचांवरून. पुन्हा पळायची वेळ आली तर चपला हाताशी पाहिजेत, एवढाच त्या लेकराचा हिशेब होता. मी नेमक्या त्याच काढून घेतल्या.

या गोष्टीला बरीच वर्षं झाली. माझी अंगणवाडी यंत्रमाग आणि विडी कामगारांच्या वस्तीत आहे. आजवर जी लेकरं आली त्यांच्याकडून, सोबतच्या सेविकांकडून आणि प्रशिक्षणांतून जे शिकले ते इथे क्रमाने लिहिते आहे. लेकरांची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, तुम्हीही कुणाला सांगताना बदलत जा.

आधी एवढं जवळ असू द्या

- लेकरात काय दिसलं ते लिहायला एक वेगळी वही, कुलपात राहणारी. रजिस्टरात हे लिहायचं नाही.
- दोन-तीन मापांच्या जादा चड्ड्या, फ्रॉक, एक टॉवेल. (सोलापुरात टॉवेलाला तोटा नाही. कारखान्यातले सेकंड मालाचे टॉवेल पालक आनंदाने आणून देतात.)
- एक जुनी गोधडी किंवा चादर, कोपऱ्यात अंथरायला.
- चिंध्यांच्या दोन बाहुल्या, लाकडी भातुकली, कणकेचा गोळा.
- दिवसाचा क्रम दाखवणारी चित्रं: प्रार्थना, गाणी, खेळ, हात धुणे, खाऊ, घरी. पुठ्ठ्यावर स्वतः काढा, सुबक नसली तरी चालतील.
- भिंतीवर मोठ्या अक्षरात नंबर: बालकांसाठी १०९८, पोलीस ११२, महिलांसाठी १८१, मनाच्या आजारांसाठी टेलिमानस १४४१६. चारही फुकट आहेत.
- प्रत्येक लेकराच्या घरचे दोन फोन नंबर आणि न्यायला कोण येणार त्याची नावं. नावनोंदणीच्या दिवशीच घ्या.

१. ओळखायचं कसं

गिरण्या चालू होत्या तेव्हा भोंगा झाला की अख्खं सोलापूर हलायचं. माणसाच्या शरीरातही तसा एक भोंगा असतो. धोका दिसला की तो वाजतो, काळीज धडधडतं, हातपाय पळायला किंवा मारायला तयार होतात, नाहीतर शरीर दगडासारखं गोठतं. धोका टळला की भोंगा बंद व्हायला पाहिजे. ज्या लेकराने मार, आग, पूर, अपघात, मृत्यू जवळून पाहिलाय त्याचा भोंगा बऱ्याचदा लवकर बंद होत नाही, किंवा ताट पडल्याच्या आवाजानेसुद्धा पुन्हा सुरू होतो. तो वाजत असताना लेकराला तुमचं बोलणं समजत नाही. विचार करायचं काम तेवढा वेळ मागे पडलेलं असतं.

आपल्याला काय दिसतं ते वयानुसार बदलतं. दोन वर्षांच्या आतलं बाळ दूध-जेवण कमी करतं, झोपेत दचकतं, कुणाकडेच राहत नाही. कधी उलट, कुणीही उचललं तरी चालतं आणि रडतच नाही. असं शांत बाळ पाहून आपण ‘गुणी आहे’ म्हणतो, तिथे जरा थांबा. दोन-तीन वर्षांचं लेकरू आलेले शब्द विसरतं, सुटलेली शू पुन्हा अंथरुणात करायला लागतं, अंगठा चोखतं. तीन ते सहाच्या मुलांत सगळ्यात मोठी खूण म्हणजे खेळ. तोच खेळ, त्याच क्रमाने, रोज, आणि खेळताना चेहऱ्यावर मजा नाही. एक मुलगी महिनाभर बाहुलीला पाण्यात घालायची, काढायची, पुन्हा घालायची.

काही मुलं मारतात, चावतात, पुढचं पान फाडतात. काही इतकी आज्ञाधारक असतात की आपलं लक्षच जात नाही. काही खाऊतला राजगिऱ्याचा लाडू खिशात दडवतात.

यातली एक-दोन लक्षणं कुठल्याही मुलात दिसतात. घरी नवं बाळ आलं, ताप येऊन गेला, कान फुटला, तरीही मूल बिघडतं. म्हणून एका दिवसावरून काही ठरवू नका. वहीत तारीख घालून फक्त दिसलं तेवढं लिहा. ‘हट्टी आहे’ असं लिहू नका. ‘खाऊच्या वेळी टेबलाखाली गेला, दहा मिनिटांनी बाहेर आला’ असं लिहा. पुढे डॉक्टरांना हेच कामाला येतं.

२. पहिले पंधरा दिवस

या दिवसांत शिकवायचं काही नाही. एकच काम, उद्या काय होणार ते लेकराला आजच माहीत असलं पाहिजे.

दार दिसेल अशी जागा द्या. पाठ भिंतीला असू द्या. ती जागा रोज तीच ठेवा, पाहुणे आले म्हणून हलवू नका. सकाळी दारात घेणारं माणूस रोज एकच असावं, तुम्ही किंवा मदतनीस मावशी. तुम्हाला बीट मीटिंगला (एका सुपरवायझरखालच्या सेविकांच्या बैठकीला) किंवा प्रशिक्षणाला जायचं असेल तर आदल्या दिवशी सांगा: ‘उद्या मी नाही. मावशी आहेत. परवा मी येणार.’ आणि परवा या.

चित्रांचा पुठ्ठा त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर लावा आणि प्रत्येक गोष्ट झाली की त्यालाच चिमटा पुढे सरकवू द्या. मोठ्या माणसाला हे खेळणं वाटेल. पण ‘खाऊ झाला की आई येणार’ हे जेव्हा लेकरू स्वतःच्या बोटाने दाखवतं, तेव्हा त्याचं रडणं कमी झालेलं मी अनेकदा पाहिलंय.

लेकराने धरून ठेवलेली वस्तू काढून घेऊ नका. आईची ओढणी असो, फुटकी गाडी असो, चपला असोत. त्या मुलाला मी पुढच्या दिवशी सांगितलं, ‘चपला तुझ्याजवळच राहू दे.’ आठवडाभर मांडीवर होत्या. मग शेजारी. मग चटईच्या कडेला. सातव्या आठवड्यात त्याने त्या दारात ठेवल्या आणि दर पाच मिनिटांनी उठून बघून यायचा. मी त्याला एकदाही ‘बस खाली’ म्हटलं नाही.

आपल्या गावात चार भाषा आहेत, हे विसरू नका. घाबरलेलं लेकरू घरच्या भाषेत जातं. वर्षभर मराठी बोलणारी पद्मशाली घरातली मुलगी भीतीच्या वेळी तेलुगूशिवाय काही ऐकत नाही. म्हणून धीर देणारं एक वाक्य चारही भाषांत पाठ करा. मराठीत ‘घाबरू नको, मी इथेच आहे’, तेलुगूत ‘भयपडकु, नेनु इक्कडे उन्ना’, आपल्याकडच्या कानडीत ‘अंजब्याड, नान इल्ले अदीनि’, दखनीत ‘डरू नको, मैं इधरीच हूं’. उच्चार चुकले तर वस्तीतल्या बायका दुरुस्त करून देतील. माझे त्यांनीच केले.

३. आवाज, अंधार, सुई, वजनकाटा

हे आधी सांगून करायचं. अचानक झालेली कुठलीही गोष्ट भोंगा वाजवते.

शेजारचे माग रोज खडखडतात, त्याची मुलांना सवय असते. लाईट गेली आणि सगळे माग एकदम थांबले की त्या शांततेला काही मुलं दचकतात. तेव्हा लगेच बोला, ‘लाईट गेली. दार उघडं आहे. आपण सगळे आहोत.’ फटाके, गणपतीतला डॉल्बी, संक्रांतीच्या गड्डा यात्रेत होम मैदानावरचं शोभेचं दारूकाम, ही आपल्या मुलांची हौसेची गोष्ट. पण आग पाहिलेल्या लेकरासाठी ती हौस नसते. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातच त्याच्या आईला सांगून ठेवा, म्हणजे कुणी त्याला खांद्यावर बसवून गर्दीत नेणार नाही. २०२५ च्या सप्टेंबरात सीनेला पूर आला, तेव्हा माढा-मोहोळकडच्या सेविका सांगायच्या की पत्र्यावर पावसाचा आवाज सुरू झाला की मुलं आईला सोडत नाहीत.

लसीकरणाच्या दिवशी सिस्टर येतात, एक मूल रडलं की सगळी रडतात. ज्याला त्रास आहे त्याला आदल्या दिवशी सांगा, त्याला सुई असेल तर असं सांगा, नसेल तर तसं सांगा, आणि तेवढा वेळ दुसऱ्या टोकाला मावशींबरोबर बसवा. ‘दुखणार नाही’ असं कधीच म्हणू नका. दुखतं, आणि मग तुमचं पुढचं कुठलंच वाक्य खरं वाटत नाही.

वजन-उंचीच्या दिवशी अंगातले कपडे उतरवताना फार जपा. ज्या लेकराच्या अंगाशी कुणी वाईट वागलंय त्याला हे असह्य होतं. ‘मी आता तुझा स्वेटर काढू का?’ असं विचारा आणि नाही म्हणालं तर आईला बोलावून तिच्या हातून करा. शू-शीला नेतानाही दार किती उघडं ठेवायचं ते त्यालाच विचारा.

४. उसळलं किंवा गोठलं, त्या पाच मिनिटांत

बाकीच्या मुलांना मावशींकडे सोपवा. स्वतः जमिनीवर बसा, त्याच्या डोळ्यांपेक्षा खाली. समोर बसू नका, तिरकं बसा. आवाज हळू ठेवा आणि शब्द कमी. ‘का केलंस?’ हा प्रश्न त्या वेळी पूर्ण बाद. लेकरालाही माहीत नसतं.

मारत असेल तर हात हळूच अडवा, पकडून दाबू नका. जवळ घ्यायचं असेल तर आधी हात पुढे करा आणि वाट बघा. त्याने धरला तर धरला.

थोडं निवळलं की शरीराला काहीतरी काम द्या. मी गरम खिचडीची खोटी वाटी करते, दोन्ही हातांची ओंजळ, आणि म्हणते, ‘लई गरम आहे बघ, फुंकर घाल.’ फुंकर घालताना श्वास आपोआप लांब सुटतो. पाच-सहा फुंकरांत खांदे खाली येतात. मुलं ही खिचडी मग स्वतःच मागतात. कणकेचा गोळा तिंबणे, पाण्यात हात घालणे, तेच एक गाणं टाळ्यांवर म्हणणे, यानेही होतं. गोठलेल्या लेकराला हलवू नका. शेजारी बसून काय चाललंय ते हळू सांगत राहा: ‘पंखा फिरतोय. बाहेर मावशी भांडी घासताहेत.’

कोपऱ्यातली गोधडी शिक्षेची जागा करू नका. तिथे जायचं की नाही ते लेकरू ठरवेल, आणि तिथे तुम्हीही जाऊन बसायचं.

एकदाच सांगते आणि ठाम सांगते. बाहेर उभं करणे, संडासात कोंडणे, खाऊ न देणे, ‘पोलीस येतील’, ‘आई घ्यायला येणार नाही’ अशी भीती घालणे, यातलं काहीही कुठल्याच मुलाला करायचं नाही. या मुलांना तर त्याने अपाय होतो. मार तर कायद्यानेही बंद आहे.

५. विचारू नका, सांगितलं तर ऐका

जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये मानसिक प्रथमोपचाराची तीन पावलं सांगितली: पाहा, ऐका, जोडून द्या. यात ‘विचारा’ नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. लेकराकडून घटना वदवून घेणं हे आपलं काम नाही. वदवून घेतल्याने मन मोकळं होतं हा मोठा गैरसमज आहे. चार जणांनी चार वेळा विचारलं की लेकरू तेच चार वेळा भोगतं, आणि पुढे पोलिसात गेलेलं प्रकरणही त्याने बिघडतं.

ते आपणहून बोललं तर हातातलं काम ठेवा. ‘असं झालं होय’, ‘मग तुला भीती वाटली असेल’, इतकंच म्हणा. खेळातून दाखवत असेल तर खेळ थांबवू नका, सुधारूही नका. बाहुलीला पाण्यात घालणाऱ्या मुलीजवळ मी टॉवेल नेऊन ठेवला. काही बोलले नाही. चार दिवसांनी तिने पहिल्यांदा बाहुलीला पुसलं.

६. घरात मृत्यू झाला असेल तर

इथे आपण मोठी माणसं सगळ्यात जास्त चुकतो, आणि चुकतो ते मायेपोटी.

पाच वर्षांची एक मुलगी. वडील अपघातात गेले. घरच्यांनी सांगितलं, ‘पप्पा देवाघरी गेले.’ तिने ते ऐकून घेतलं. आठ दिवसांनी वर्गात माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, ‘बाई, देवाघरी म्हणजे सिद्धेश्वराला ना? तळ्यातल्या?’ मी हो-नाही म्हणायच्या आत पुढे म्हणाली, ‘मला रस्ता माहीत आहे. आपण दुपारी जाऊन पप्पांना आणूया.’ तिच्या चपला घातलेल्या होत्या.

तिचं काही चुकत नव्हतं. देवाचं घर तिने पाहिलेलं होतं, दर श्रावणात जात होती. या वयाच्या मुलांना गेलेलं माणूस परत येत नाही हे समजत नाही. शब्द जसा ऐकतात तसाच धरतात. ‘झोपले’ म्हटलं तर झोपायला घाबरतात. ‘गावाला गेले’ म्हटलं तर मला न सांगता गेले म्हणून रुसतात, आणि आई बाजारात निघाली तरी पाय धरतात. ‘देवाला आवडले म्हणून नेलं’ म्हटलं तर देवाला आपण आवडू नये म्हणून मुद्दाम वाईट वागतात. हेही मी पाहिलंय.

घरच्यांना विश्वासात घ्या आणि मगच बोला. त्यांची श्रद्धा बाजूला सारायची गरज नाही, देवाघरी म्हणायचं असेल तर म्हणा, पण त्याच्याआधी साधी गोष्ट सांगा. त्या मुलीच्या आजीला आणि आईला समोर बसवून आम्ही असं सांगितलं: ‘पप्पा मेले. मेले म्हणजे त्यांचं अंग चालायचं थांबलं. आता त्यांना भूक लागत नाही, दुखत नाही. ते परत येऊ शकत नाहीत. तू काही केलंस म्हणून हे झालं नाही. आई आहे, आजी आहे, तुला जेवायला घालायला आणि झोपवायला आम्ही आहोत.’ ‘मेले’ हा शब्द उच्चारताना आजीला रडू आलं. येऊ द्या. लेकरासमोर मोठी माणसं रडली तरी चालतं, फक्त का रडतोय ते सांगावं.

‘तू काही केलंस म्हणून नाही’ हे वाक्य गाळू नका. लहान मुलं मनातल्या मनात दोष स्वतःकडे घेतात. मी चॉकलेट आणायला सांगितलं म्हणून पप्पा बाहेर गेले, असं. कुणाला सांगत नाहीत, पण धरून ठेवतात.

तोच प्रश्न ती मुलगी दोन महिने विचारत होती. दर वेळी तेच उत्तर द्यायचं, त्याच शब्दांत, न कंटाळता. आणि मधेच खेळायला पळाली, हसली, तर ‘हिला काही वाटतच नाही’ असं शेजारणी म्हणतील, त्यांना थोपवा. लहान मुलांचं दुःख तुकड्या-तुकड्यांनी येतं.

७. घरच्यांशी बोलताना

संध्याकाळी विड्या कारखान्यात देऊन आई परत आली की तिच्याकडे वेळ असतो, तेव्हा जा. सकाळी सूप मांडीवर असतं, पानं कातरायची घाई असते. एक हजार विड्या पुऱ्या झाल्याशिवाय त्या दिवसाचं काही खरं नसतं. त्या घाईत तुम्ही ‘तुमच्या मुलाचं लक्ष नाही’ म्हणालात तर रात्री लेकराला मार बसेल.

सुरुवात चांगल्या गोष्टीने करा, खरी असलेली. मग दिसलं ते सांगा, निदान करू नका. ‘ट्रॉमा’, ‘मानसिक रुग्ण’ असे शब्द दारात उभं राहून वापरू नका, वस्तीत दुसऱ्या दिवशी त्याचं टोपणनाव होतं. आईने स्वतः तेच सगळं भोगलेलं असू शकतं. तिला मारहाण चालू असेल तर १८१ नंबर तोंडी सांगा, चिठ्ठी लिहून देऊ नका, ती घरात सापडते.

‘बिचारं’, ‘बिनबापाचं’ हे शब्द मावशींच्या, इतर पालकांच्या तोंडी येतील. लगेच, पण नम्रपणे थांबवा. आणि त्या लेकराचा फोटो व्हॉट्सअप ग्रुपवर टाकू नका, पाहुण्यांसमोर उभं करून त्याची हकिगत सांगू नका.

८. अत्याचाराचा संशय आला तर

अंगावर माराच्या, भाजल्याच्या खुणा, शूच्या जागी दुखणं, रक्त, वयाला न शोभणारे शरीराचे खेळ, किंवा लेकराचं एखादं वाक्य. इथे वाट बघायची नाही.

लेकराला तीन वाक्यं सांगा: तू सांगितलंस ते बरं केलंस, तुझी चूक नाही, मी मदत करणाऱ्या माणसांना सांगणार आहे. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका, कारण ते पाळता येणार नाही. त्याचेच शब्द वहीत लिहा, जसेच्या तसे, तारीख-वेळेसह. आंघोळ घालू नका, कपडे धुऊ नका.

पॉक्सो, म्हणजे लैंगिक अत्याचारापासून मुलांना वाचवणारा कायदा, २०१२ चा आहे. त्याच्या कलम १९ प्रमाणे लैंगिक अत्याचार झाल्याची किंवा होण्याची शक्यता ज्याला कळते त्याने पोलिसांना कळवायचंच. पुरावा गोळा करणं आपलं काम नाही. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. संस्था चालवणाऱ्याने आपल्याच माणसाचं प्रकरण दाबलं तर एक वर्षापर्यंत. चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर मात्र दिवाणी-फौजदारी कारवाई होत नाही, हेही त्याच कायद्यात आहे.

नव्या सेविका इथे हमखास अडकतात. सुपरवायझर मॅडमना सांगितलं म्हणजे झालं असं वाटतं. मॅडमना सांगा, पण पोलिसांना कळवल्याशिवाय कायद्याचं कळवणं होत नाही. दुसरं, ज्याच्यावर संशय आहे तो घरातलाच असेल तर आधी घरी जाऊन सांगू नका. लेकराला रातोरात गावाला पाठवतात. तिसरं, वस्तीतले मोठे लोक ‘आपसात मिटवू’ म्हणून येतील. बाईमाणसाला याचा फार दबाव येतो, मला माहीत आहे. एकटीने बोलू नका, शेजारच्या अंगणवाडीची सेविका, आशाताई बरोबर घ्या आणि एवढंच म्हणा, ‘कायद्याने मला कळवावंच लागतं.’

पालकांना पोलिसांची भीती असते, त्यांना सांगा: जबाब लेकराच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथे घेतात, शक्यतो महिला अधिकारी घेते, गणवेशात नसते. लेकराला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. मुलीची तपासणी महिला डॉक्टरच करते, विश्वासातलं माणूस सोबत असतं. लेकराचं नाव कुठे छापता येत नाही.

टाकून दिलेलं, हरवलेलं, कुणीच नसलेलं लेकरू मिळालं तर दया येऊन घरी ठेवून घेऊ नका, कुणा मूल नसलेल्या नातलगाला तर देऊच नका. बालन्याय कायदा २०१५ प्रमाणे चोवीस तासांत ते बालकल्याण समितीपुढे (अशा मुलांचं काय करायचं ते ठरवणाऱ्या जिल्ह्याच्या सरकारी समितीपुढे) गेलं पाहिजे. १०९८ ला फोन केला की पुढचं ते बघतात.

९. डॉक्टरकडे कधी

बहुतेक लेकरं घरात आणि वर्गात सुरक्षित वाटायला लागलं की सावरतात. महिना उलटूनही भीती, दचकणं, झोपमोड तशीच असेल तर मात्र पाठवा. खाणं सुटून वजन उतरत असेल, बोलणं बंद झालं असेल, स्वतःला चावत-आपटत असेल, तर महिना थांबू नका.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं. त्यांना वही दाखवा, ऐकू येतंय ना, बोलणं मागे आहे का, हेही तपासून घ्या आणि पुढे पाठवायची चिठ्ठी मागा. छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, आपल्या सिव्हिलला, मानसोपचार विभाग आहे. सकाळी लवकर केसपेपर काढावा लागतो, लेकराबरोबर डबा आणि एक खेळणं द्या. पहिल्यांदा मी आईबरोबर जाते, कारण एकटी आई रांगेतून परत फिरते. घराबाहेर पडणं जमत नसेल तर १४४१६ वर मराठीतही बोलता येतं, दिवसा-रात्री कधीही.

१०. बालसंगोपनाचा अर्ज

आई किंवा वडील गेलेले, सोडून गेलेले, तुरुंगात असलेले, अशा लेकरांना क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेतून दरमहा २२५० रुपये मिळतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात, मंजुरी बालकल्याण समितीची. लागतं ते असं: लेकराचं आणि सांभाळणाऱ्याचं आधार, जन्माचा दाखला, पालकाचा मृत्यू दाखला, रेशनकार्ड, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, बँक पासबुक, सांभाळणाऱ्याबरोबर घरासमोरचा फोटो आणि अंगणवाडीचा किंवा शाळेचा दाखला. शेवटचा तुम्हीच द्यायचा आहे, तो अडवून ठेवू नका. अर्जाला पैसे लागत नाहीत. कुणी ‘करून देतो’ म्हणून मागत असेल तर त्या आईला तिथूनच उठवून आणा.

११. तुमचं स्वतःचं

ऐकलेलं रात्री आठवतं. घरच्या भाकरी थापताना डोळ्यांत पाणी येतं. लेकराचं नाव न सांगता एका सेविकेशी बोलत जा, बीट मीटिंगनंतर अर्धा तास आम्ही त्यासाठीच बसतो. स्वतःचं लहानपण आठवून जीव घाबरत असेल तर १४४१६ तुमच्यासाठीही आहे.

१२. पहिलीत जाताना

वर्षभर बसवलेली घडी जूनमध्ये एका दिवसात मोडते, म्हणून तयारी एप्रिलपासूनच करा. शाळापूर्व तयारी मेळाव्याला त्या लेकराला घेऊन स्वतः जा. पहिलीच्या गुरुजींना किंवा बाईंना सगळी हकिगत सांगू नका, आईच्या परवानगीने कामापुरतं सांगा: दाराजवळ बसवा, मागून हात लावू नका, घंटा व्हायच्या आधी एकदा सांगा, घाबरलं तर खिचडीची फुंकर घालायला लावा. कागदावर लिहून दिलं तर चार ओळींपेक्षा जास्त नको.

मेळावा संपून गर्दी पांगली की लेकराचं बोट धरून शाळेतून एक फेरी मारा. संडास कुठे, पाण्याची टाकी कुठे, सुटल्यावर आई फाटकाच्या कुठल्या बाजूला उभी राहणार. वर्गाबाहेर चपला कुठे काढायच्या तेही दाखवा, आणि आतून त्या दिसतात की नाही ते त्यालाच बसवून बघा.